मतलई वाऱ्याच्या वाटेवर

(चेंबूरमधल्या एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी ३२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ‘खारे वारे आणि मतलई वारे’ हा भाग दरवर्षी यायचा. फळ्यावर एक होडी, एक माड आणि दोन बाण काढायचे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते. ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र मात्र ऊब धरून राहतो, म्हणून हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते. ते मतलई वारे. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, त्यामुळे मुलं पाठ करायची.

एका वर्षी डिसेंबरात हा भाग संपवून मी फळा पुसत होते. चेंबूरजवळच्या माहुलहून येणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “बाई, रात्री वारा समुद्राकडे जातो ना? मग कंपनीचा वास पण समुद्राकडे जायला पाहिजे. तो रात्रीच आमच्या घरात का येतो?”

मी तिला “उद्या सांगते” म्हणाले. त्या संध्याकाळी घरी मुंबईचा नकाशा पसरून बसले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे वाऱ्याच्या बाजूने बघितलं. आजचं सगळं बोलणं त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं समजा.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मुंबई बंदर, त्याच्या पलीकडे उरण, न्हावा-शेवा, पनवेल, तळोजा आणि मग सह्याद्रीपर्यंतची जमीन. आपलं शहर या दोन पाण्यांमधली एक अरुंद पट्टी आहे. पण ही दोन पाणी सारखी नाहीत. खाडी म्हणजे पाण्याचा एक चिंचोळा हात. खरा समुद्र पश्चिमेला, खरी जमीन पूर्वेला. म्हणून मुंबईचा मतलई वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो आणि पश्चिमेला जातो.

आता कारखाने कुठे आहेत ते बघा. १९५४ आणि १९५५ साली माहुल-तुर्भे (ट्रॉम्बे) भागात दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. १९५६ साली तुर्भ्याचं औष्णिक वीजकेंद्र आलं. १९६५च्या सुमारास खताचा कारखाना आला. त्यांच्या आजूबाजूला तेलाच्या आणि रसायनांच्या टाक्या आल्या, आणि त्या भरायला-उपसायला टँकरच्या रांगा. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे, आणि दक्षिणेला शिवडी ते कुलाबा गोद्या. म्हणजे शहराचं बंदर, इंधन, वीज, खत आणि कचरा हे सगळं पूर्व किनाऱ्यावर आहे. पश्चिमेचा वारा वाहत असतो तोपर्यंत ही मांडणी सोयीची आहे, कारण धूर खाडीवर जातो. वर्षातले बरेच महिने आणि दिवसातले बरेच तास तसंच होतं.

पण हिवाळ्याच्या रात्री वारा उलटा फिरतो. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितलं, मतलई वारा समुद्राकडेच जातो, फक्त कारखान्यापासून समुद्रापर्यंतच्या वाटेवर आपण राहतो. माहुल, चेंबूर, वडाळा, शीव, माटुंगा, सगळे त्या वाटेवर. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात माड आणि होडी यांच्या मध्ये कोणाचं घर काढलेलं नसतं.

चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणतात. बाहेरच्यांना तो शब्दखेळ वाटतो. इथे ज्यांच्या मुलांना खोकला लागून राहतो त्यांना वाटत नाही. माहुलबद्दल तर न्यायालयांनीच सांगून झालं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याला हवेमुळे धोका आहे हे मान्य केलं. ऑगस्ट २०२० मध्ये याच लवादाने तिथल्या चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठरवली. मधल्या काळात शहरातल्या झोपड्या पाडून लोकांना पुनर्वसन म्हणून त्याच माहुलला धाडलं जात होतं. तानसा जलवाहिनीच्या कडेला राहणारी कुटुंबं तिथे गेली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या लोकांना माहुलला राहायला भाग पाडू नका, दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाडं द्या. ज्या जागेची हवा माणसांना सोसत नाही हे एका न्यायपीठाने मानलं होतं, तीच जागा गरिबाला घर म्हणून दिली गेली. मला याचा आजही संताप येतो, आणि तो आवरावा असं वाटत नाही.

आता ऋतूंकडे वळू. मुंबईत हवेचे खरे ऋतू दोनच आहेत, वारा समुद्रावरून येतो तो आणि वारा जमिनीवरून येतो तो.

जून ते सप्टेंबर हवा छान असते. पाऊस हवा धुतो, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. पाऊस जाडी धूळ चांगली खाली आणतो आणि रस्ता ओला असला की धूळ उडतही नाही. पण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे ज्याला आपण पीएम २.५ म्हणतो ते, पावसाच्या थेंबाला सहज सापडत नाहीत. आपला केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे कण केवढे ते समजा. ऑगस्टमध्ये पाऊस आठ-आठ दिवस दडी मारतो, तरी हवा फारशी बिघडत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. कारण तेव्हाही नैर्ऋत्येचा जोरदार वारा चालू असतो. हजारो किलोमीटर पाण्यावरून आलेली हवा. तिच्यात मिठाचे कण असतात, धूर जवळजवळ नसतो. पावसाळ्यात आपण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून नुसत्या समुद्रावरून आलेली हवा श्वासात घेतो. आपण धूर काढायचं थांबवलेलं नसतं. तो कोणीतरी सतत उचलून नेत असतं, एवढंच.

हवामान खात्याच्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमाराला परततो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा. वारा पडलेला असतो. कोळीवाड्यातलं कोणीही सांगेल, वारा पडला म्हणजे काय. हवा जागची हलत नाही. मग हळूहळू उत्तरेचा, ईशान्येचा वारा सुरू होतो, पहाटे गार वाटू लागतं, लोक शाली काढतात आणि क्षितिजावर पिवळट-करडी रेघ दिसू लागते. वर्तमानपत्रात त्याला धुरकं म्हणतात.

या धुरक्याचं गणित समजायला एका फुग्याची गोष्ट सांगते. सांताक्रूझच्या वेधशाळेतून रोज दोनदा, पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, यंत्र बांधलेला फुगा आकाशात सोडतात. जगभर एकाच वेळी असे फुगे सुटतात. तो वर जाताना तापमान, दमटपणा, वारा यांची नोंद पाठवत राहतो. एरवी वर जावं तसं गार होत जातं. पण हिवाळ्यातल्या पहाटेच्या नोंदींत पुष्कळदा उलटं दिसतं. जमीन निवल्यामुळे खालची हवा गार आणि जड झालेली असते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. स्वयंपाकघरातली भाषा वापरायची तर पातेल्यावर झाकण बसतं. दुपारी हीच हवा किलोमीटरभर उंचीपर्यंत ढवळली जाते. पहाटे ती काही शे मीटरांत कोंडते. धूर तेवढाच राहिला तरी जागा कितीतरी आक्रसते, म्हणून सकाळी दाट धुरकं आणि दुपारी एकच्या पुढे खारा वारा आला की निवळलेलं आकाश.

निवळलेलं म्हटलं खरं, पण यातला एक भाग मला कळायला बरीच वर्षं लागली. रात्री मतलई वाऱ्याने जो धूर समुद्रावर नेला, तो तिथे नाहीसा होत नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्यावर तरंगत राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी खारा वारा सुरू होतो आणि त्यातला काही भाग परत शहरात आणून सोडतो. वारा जोरात असला तर हे चक्र तुटतं. मंद असला की कालचं आज आणि आजचं उद्या, असं साचत जातं. म्हणून हिवाळ्यात सलग पाच-सहा दिवस हवा वाईटच होत जाते, आणि एखाद्या दिवशी वारा सुटला की एकदम डोंगर दिसायला लागतात. समुद्र आपली हवा साफ करतो हा मुंबईकराचा जुना भरवसा आहे. दिल्लीची बातमी आली की आपण म्हणतो, आपल्याला समुद्र आहे. समुद्र आहेच. पण या महिन्यांत तो घेतलेलं परत करतो.

२०२२-२३चा हिवाळा आठवतो का? नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हवेचा निर्देशांक पुन्हा पुन्हा ‘वाईट’ आणि ‘अतिवाईट’ येत होता, आणि काही दिवस आपण दिल्लीच्या पुढे गेलो होतो. पॅसिफिक महासागरात सलग तिसऱ्या हिवाळ्यात ला निना होती, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा गार होतं. ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा ज्यांनी उभी केली, ते डॉ. गुफरान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की त्या वर्षी जमिनीकडचे वारे नेहमीपेक्षा जास्त दिवस रेंगाळले आणि समुद्राकडचा वारा परतायला उशीर होत गेला. म्हणजे झाकण तेच, पातेलं तेच, फक्त झाकण उचलणारा हात उशिरा आला. पॅसिफिकमधलं पाणी गार झालं म्हणून चेंबूरमधल्या बाळाला वाफारे द्यावे लागले. एरवी वर्गात मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं असतं, पृथ्वी कशी एक आहे म्हणून. त्या वर्षी मला ते कौतुकाने सांगता आलं नाही.

कधीकधी धूळ लांबूनही येते. २२-२३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून निघालेली धूळ अरबी समुद्र ओलांडून इथे आली आणि गाड्यांच्या टपांवर पांढरी साय धरली. पण हे पाहुणे वर्षातून एखादवेळी येतात. घरचं काय ते बघू.

घरचं पुष्कळ आहे. रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ तर उघड्यावर दिसते. एकाच वेळी मेट्रो, सागरी रस्ता, पुनर्विकासाचे मनोरे, आणि त्यांना काँक्रीट पुरवणारे आरएमसी प्लांट. ट्रक आणि ट्रेलर, त्यात न्हावा-शेव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनरची भर. १९८९ साली ते बंदर सुरू झालं तेव्हा मुंबईच्या गोद्यांवरचा भार कमी होणार याचं समाधान होतं, आणि ते योग्यच होतं. पण खाडीपलीकडचं बंदरही पूर्वेलाच आहे, आणि पहाटेचा वारा तिकडूनच येतो. जहाजांचं म्हणाल तर १ जानेवारी २०२० पासून जगभर त्यांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. ही फार मोठी सुधारणा आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. तरी गोदीत आणि नांगरावर उभं असलेलं जहाज विजेसाठी आपलं इंजिन चालू ठेवतं. किनाऱ्यावरून वीज दिली तर ते बंद ठेवता येतं.

मग ठाणे, भिवंडी, कल्याणच्या बाजूच्या वीटभट्ट्या. त्या पावसाळ्यात बंद असतात आणि तो सरला की लागतात. म्हणजे वारा आपल्याकडे वळतो तेव्हाच त्या पेटतात. त्या भट्टीवर राबणारं कातकरी कुटुंब तो धूर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जवळून घेतं, हेही लक्षात असू द्या. पाववाल्यांच्या लाकडाच्या भट्ट्यांबद्दल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत इंधन बदला असा आदेश दिला. बेकरीवाल्याला कर्ज आणि मदत मिळाली तर तो बदलेल. नुसती नोटीस दिली तर तो दुकान बंद करेल.

आणि देवनार. २८ जानेवारी २०१६ ला तिथे आग लागली, धूर इतका की उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. आमची शाळा त्या काळात बंद ठेवावी लागली. तारीख परत एकदा ऐका, जानेवारीची अखेर. तीच आग जुलैच्या वाऱ्यात लागली असती तर धूर खाडीपार गेला असता. आग कुठे लागली याइतकंच ती कोणत्या महिन्यात लागली यालाही महत्त्व आहे.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. मुंबईने धुराविरुद्ध कायदा केला तो आजकाल नव्हे. गिरण्यांची धुराडी ओकत होती तेव्हा, १९१२ साली, धुराच्या उपद्रवाचा कायदा इथे झाला. त्यानंतर १९८१चा हवा कायदा आला, २००९ची मानकं आली. पीएम २.५ साठी आपलं चोवीस तासांचं मानक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते. हे अंतर केवढं आहे ते तुम्हीच बघा. कायद्यांचा तुटवडा नाही. माझी तक्रार अशी आहे, की आपले उपाय हवेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाहीत.

२०२३ मध्ये काय झालं बघा. ऑक्टोबरच्या मध्यावर हवा बिघडली. २५ ऑक्टोबरला महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटांचे पत्रे, ओलं कापड, पाण्याचे फवारे. ३१ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दिवाळीत फटाक्यांची वेळ आधी सात ते दहा आणि मग आठ ते दहा झाली, राडारोड्याच्या गाड्या काही दिवस थांबवल्या. पुढच्या वर्षी ३० डिसेंबरला भायखळा आणि बोरिवली पूर्वेची सगळी बांधकामं थांबवली, कारण तिथला निर्देशांक २०० च्या पुढे गेला होता. या सगळ्यामागची कळकळ मी नाकारत नाही. पण हे सगळं झाकण बसल्यावर केलेलं आहे. मतलई वारा दरवर्षी येतो. त्याची तारीख चार-आठ दिवस इकडेतिकडे होईल, पण तो अचानक कधीच येत नाही. पत्रे ऑगस्टमध्ये लागले पाहिजेत. आरएमसी प्लांटची तपासणी सप्टेंबरमध्ये व्हायला हवी. डम्पिंग ग्राउंडवर पहारा आणि पाण्याची सोय मोसमी पाऊस परतण्याआधी हवी. आपण नालेसफाई मे महिन्यात करतो ना? जूनमध्ये पाणी तुंबल्यावर गाळ काढायला सुरुवात करू म्हटलं तर लोक ऐकून घेणार नाहीत. हवेच्या बाबतीत नेमकं तेच आपण मुकाट ऐकून घेतो.

आणि दिवसाचंही तसंच. वाहतुकीला अडथळा नको म्हणून राडारोड्याचे डंपर रात्री धावतात, अवजड गाड्या रात्री सुटतात, पुष्कळ कामं रात्रीवर ढकलली जातात. रस्त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचं आहे. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्री अकरा ते सकाळी नऊ हाच हवा कोंडण्याचा काळ. याच काळात टाक्या भरणं, राडारोडा उचलणं, डांबर उकळणं, कचरा पेटवणं म्हणजे बंद खोलीत चूल पेटवण्यासारखं आहे. परवानगीच्या कागदावर काम किती आणि कुठे करायचं हे लिहिलेलं असतं. कोणत्या महिन्यात आणि कोणत्या तासाला करायचं हेही लिहा, एवढंच मागणं आहे.

निर्देशांकाबद्दल एक खुलासा, कारण मोबाइलवर तो सगळेच बघतात. सरकारी निर्देशांकात बारीक कणांचा आकडा चोवीस तासांची सरासरी असतो. त्यामुळे सकाळी आठला आकडा ‘मध्यम’ दिसेल आणि त्या क्षणी तुमच्या नाकासमोरची हवा त्याहून कितीतरी वाईट असेल. दुपारच्या चांगल्या हवेने सकाळची वाईट हवा झाकली जाते. वर्षाची सरासरी काढली की पावसाळा हिवाळ्याला झाकतो. सरासरीत कोणी श्वास घेत नाही. भायखळ्यातला हमाल, माहुलमधली आजी, पहाटे दूध टाकणारा मुलगा, हे सगळे त्या त्या तासाची हवा घेतात.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही वर्गात एक गोष्ट सुरू केली. शाळेच्या गच्चीवर एका काठीला लाल रिबीन बांधली. रोज सकाळी सातला आणि दुपारी दोनला दोन मुलं जाऊन रिबीन कुठल्या दिशेला उडते ते लिहायची. सोबत एक खूण, पूर्वेचे डोंगर दिसतात की नाही. मी निवृत्त झाले तेव्हा त्या वह्या माझ्याबरोबर घरी आल्या. त्यात अक्षरं किती वेगवेगळी आहेत! पण डिसेंबरचं पान कुठल्याही वर्षीचं काढा, सकाळच्या रकान्यात बहुतेक ओळींवर ‘रिबीन समुद्राकडे, डोंगर नाहीत’ लिहिलेलं आहे. काही ओळींवर ‘रिबीन लोंबते आहे’. एका ओळीपुढे कंसात ‘वास’.

आता प्रश्न घेऊ. मघाशी पहिल्या रांगेतल्या काकांनी चिठ्ठी पाठवली आहे. “मी रोज पहाटे साडेपाचला फिरायला जातो. बंद करू का?”

काका, फिरणं बंद करू नका. मीही पहाटेच जायची. चार वर्षांपूर्वी खोकला हटेना तेव्हा माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, चालणं सोडू नका, वेळ बदला. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे खुशाल जा. दिवाळीपासून होळीपर्यंत मात्र दुपारी चारनंतर निघा, खारा वारा सुटलेला असतो तेव्हा. घराच्या खिडक्यांचंही तेच. थंडीत रात्री पूर्वेच्या लावून घ्या आणि दुपारी पश्चिमेच्या उघडा. नातवंडांची शाळा सकाळची असेल तर मैदानावरचा तास पहिला ठेवू नका असं मुख्याध्यापकांना लिहून द्या. तुमच्या इमारतीचा रखवालदार पहाटे प्लास्टिक घालून शेकोटी करत असेल तर त्याच्यावर ओरडू नका. सोसायटीच्या खर्चातून त्याला एक जाड स्वेटर आणि ब्लँकेट द्या.

पुढची चिठ्ठी कोणाची आहे?